मॅग्नेशियम कमी पडतंय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळा लवला, पोटरीत गोळा आला, रात्रीची झोप उडाली, की हल्ली कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅग्नेशियम कमी असेल." कधीकधी ते खरंही निघतं. पण खरी कमतरता बहुतेकदा पापणीपासून बरीच लांब, आतड्यात, मूत्रपिंडात किंवा रोजच्या गोळ्यांच्या डबीत सुरू झालेली असते. त्यामुळे 'काय घ्यावं' यापेक्षा 'जातंय कुठे' या प्रश्नाकडे माझा ओढा जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

शरीरात मॅग्नेशियम असतं किती आणि ते करतं काय?

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे 25 ग्रॅम. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत आणि उरलेलं बहुतेक स्नायू व इतर अवयवांच्या पेशींत. पेशींचं चलन असलेलं एटीपी मॅग्नेशियमचा हात धरल्याशिवाय कामालाच येत नाही, म्हणून 300 हून अधिक एन्झाइमांच्या कामात ते लागतं. शिवाय मज्जातंतू आणि स्नायूंना ते उगाच उत्तेजित होऊ देत नाही. कॅल्शियम स्नायू आवळतं, मॅग्नेशियम तो सैल सोडायला मदत करतं, एवढं ढोबळमानाने लक्षात ठेवलं तरी पुढची बरीचशी लक्षणं समजतात.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे कमतरता नाही, असंच ना?

असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. तपासणी होते रक्तातल्या द्रवाची, म्हणजे सीरमची. शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्कासुद्धा तिथे नसतं. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण इथे उलटी पडते. आड आटत चाललेला असतानाही पोहरा बराच काळ भरलेला दिसतो, कारण रक्तातली पातळी टिकवायला शरीर हाडांतून आणि पेशींतून मॅग्नेशियम काढत राहतं आणि मूत्रपिंडं लघवीवाटे जाणारं मॅग्नेशियम जवळजवळ थांबवतात.

म्हणून रक्तातला आकडा कमी आला तर तो गांभीर्याने घ्यायचा. नॉर्मल आला आणि महिनाभर जुलाब चालू असतील, तर तेवढ्यावर निर्धास्त व्हायचं नाही. पोषण खालावलेल्या आजारी माणसात याची दुसरी बाजूही दिसते. रक्तातलं जवळपास तीस टक्के मॅग्नेशियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. अल्ब्युमिनच कमी असलं तर एकूण आकडा थोडा खाली दिसतो, प्रत्यक्ष कामाचं मॅग्नेशियम मात्र पुरेसं असू शकतं.

नमुन्याचीही एक गोम आहे. रक्त गोठल्यावर नळीत वर उरणारा द्रव पिवळसर दिसायला हवा. तो गुलाबी दिसला तर रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या, असं समजायचं. या पेशींच्या आत सीरमच्या सुमारे तिप्पट मॅग्नेशियम असतं, ते बाहेर सांडतं आणि आकडा खोटाच वर जातो. अशा नमुन्यावर विसंबण्यापेक्षा रक्त पुन्हा दिलेलं बरं.

केसांची किंवा तांबड्या पेशींची तपासणी करून घेऊ का?

केसांची नको, तिच्यावरून उपचार ठरवता येत नाहीत. तांबड्या पेशींतलं मॅग्नेशियम काही ठिकाणी मोजतात, पण शरीराच्या साठ्याशी त्याचा मेळ नेहमी बसत नाही. त्यापेक्षा 24 तासांची लघवी गोळा करून केलेली तपासणी जास्त बोलकी असते. ती कशी, ते पुढे येईलच.

माझ्या रिपोर्टवर 0.85 आहे आणि नॉर्मल 1.7 ते 2.2 असं वाचलं. निम्म्यावर आलंय का?

नाही, एककं वेगळी आहेत. मॅग्नेशियम कुठे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, कुठे मिलिमोल प्रति लिटरमध्ये, तर कुठे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये छापतात. लिटरमागे 1 मिलिमोल म्हणजे 2.43 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, किंवा लिटरमागे 2 मिलिइक्विव्हॅलंट. तुमचे 0.85 मिलिमोल म्हणजे जवळपास 2.07 मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या आतच. आकड्याआधी शेजारचं एकक वाचायची सवय लावून घ्या आणि त्याच कागदावर छापलेली मर्यादा बघा, दुसरीकडची नको.

कमतरतेची लक्षणं कोणती?

सौम्य कमतरतेत बहुतेकदा काहीच जाणवत नाही. मग भूक मरते, मळमळतं, उलट्या होतात, अंगात त्राण राहत नाही. या गोष्टी तर साध्या तापानंतरही होतात, त्यामुळे त्यांच्यावरून कुणाला मॅग्नेशियम सुचत नाही आणि त्यात कुणाची चूकही नाही. कमतरता वाढली की हातापायांना मुंग्या, तोंडाभोवती बधिरपणा, स्नायू फडफडणं, गोळे येणं, हात थरथरणं, चिडचिड किंवा गोंधळलेपण सुरू होतं. पातळी साधारण 1.2 मिलिग्रॅमच्या खाली घसरली की फिट येऊ शकते आणि हृदयाची लय बिघडू शकते.

बीपी मोजताना याची एक खूण कधीकधी डोळ्यांदेखत दिसते. दंडाचा पट्टा वरच्या बीपीपेक्षा थोडा जास्त फुगवून तीन मिनिटं तसाच ठेवला, की मनगट आपोआप वाकतं, बोटं मुळाशी दुमडतात पण पुढे सरळ ताठ राहतात आणि अंगठा तळव्याकडे ओढला जातो. अरुंद तोंडाच्या बरणीत हात घालताना आपण तो जसा आवळतो, अगदी तसा. फरक एवढाच, की माणसाला तो सोडवता येत नाही. याला ट्रूसो चिन्ह म्हणतात. खरं तर ही कॅल्शियम कमी झाल्याची खूण, पण मॅग्नेशियम फार घसरलं की ते कॅल्शियमलाही खाली ओढतं, म्हणून ती इथेही दिसते. घरी करून बघू नका, दुखतं.

धडधडीबरोबर चक्कर किंवा बेशुद्धी, फिट, अचानक बरळणं, हातपाय आवळून बसणं, यातलं काही झालं तर हे पान मिटून थेट रुग्णालय गाठा.

नुसता डोळा लवतोय. हे मॅग्नेशियमच का?

बहुधा नाही. जागरण, ताण, जास्त चहा-कॉफी आणि पडद्याकडे तासन्‌तास बघणं ही त्याची नेहमीची कारणं. काही दिवसांत थांबतं. चेहऱ्याचा इतर भागही फडफडू लागला किंवा पापणी मिटायला लागली तर मात्र दाखवून घ्या.

रात्री पोटरीत गोळे येतात. गोळी सुरू करू?

मीही हाच विचार केला होता. कुणालाही न विचारता महिनाभर गोळ्या घेतल्या. पोटरीतला गोळा त्याच्या मर्जीने येत राहिला, पोट मात्र रोज सकाळी दोनदा साफ होऊ लागलं. नंतर वाचनात आलं की हे माझ्यापुरतं नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यानुसार वयस्क माणसांच्या पोटरीत येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा लक्षात येण्याजोगा उपयोग होण्याची शक्यता कमीच आहे. गरोदरपणात पोटरीत येणाऱ्या गोळ्यांबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

याचा अर्थ कमतरतेने गोळे येत नाहीत असा नव्हे. येतात. पण गोळे येणाऱ्या बहुतेकांना कमतरता नसते. पोटरी ताणण्याचा व्यायाम फुकट आहे आणि त्याने जुलाब होत नाहीत.

मग खरी कमतरता होते कुणाला?

निरोगी माणसात नुसतं जेवणात कमी पडलं म्हणून मॅग्नेशियम धोकादायक पातळीला उतरणं विरळा. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 2.4 ग्रॅम मॅग्नेशियम गाळतात आणि त्यातलं 95 टक्क्यांहून जास्त परत ओढून घेतात. आवक घटली की ती आणखी चिकट होतात. म्हणजे पातळी घसरली असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी गळती असते, आणि गळतीच्या मुख्य वाटा दोनच: आतडं आणि मूत्रपिंड.

आतड्याच्या बाजूला जुनाट जुलाब, सीलिॲक आणि क्रोन हे आतड्याचे आजार, लहान आतड्याचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया. उलट्यांपेक्षा जुलाबांत मॅग्नेशियम कितीतरी जास्त जातं, कारण खालच्या आतड्यातल्या द्रवात ते वरच्यापेक्षा खूप अधिक असतं.

मूत्रपिंडाच्या बाजूची यादी मोठी आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे फ्युरोसेमाइड आणि थायझाइड गट. बराच काळ वाढलेली साखर, कारण लघवीतून साखर जाते तेव्हा पाण्याबरोबर मॅग्नेशियमही जातं. दारू, जी लघवीतली गळती वाढवते, जेवण बुडवते आणि पोटही बिघडवते, असा तिहेरी मार. कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, बुरशीवरचं ॲम्फोटेरिसिन बी, जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं, अवयव बसवल्यावर घ्यायची टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन. क्वचित जन्मजात दोष, उदाहरणार्थ गिटेलमन सिंड्रोम, ज्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही लघवीवाटे जात राहतात.

गळती कोणत्या बाजूची हे कळायला वर म्हटलेली 24 तासांची लघवी कामी येते. रक्तात मॅग्नेशियम कमी आहे आणि तरी दिवसभरात 10 ते 30 मिलिग्रॅमहून जास्त लघवीत जातंय, तर चोर मूत्रपिंडात आहे. त्याहून कमी जात असेल तर मूत्रपिंड आपलं काम चोख करतंय, आतड्याकडे आणि ताटाकडे बघा.

काही वेळा मॅग्नेशियम शरीराबाहेर न जाता नुसतं जागा बदलतं. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न दिलं, की पेशी रक्तातलं मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि फॉस्फेट भराभर आत खेचतात. म्हणूनच खूप दिवस न जेवलेल्या माणसाला जेवणावर आणताना डॉक्टर घाई करत नाहीत.

ॲसिडिटीची गोळी आणि मॅग्नेशियमचा काय संबंध?

ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, म्हणजे 'प्रॅझोल'वाल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काहींच्या आतड्यातून मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2011 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. नोंदवलेले बहुतेक रुग्ण वर्षभराहून अधिक काळ गोळी घेत होते. त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या बाबतीत नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, 'प्रॅझोल'ची गोळी थांबवल्यावरच पातळी सुधारली.

यावरून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. अचानक थांबवली तर आम्ल उसळी मारतं, आणि अल्सर किंवा रक्तस्राव झालेल्यांना तिची खरोखर गरज असते. पण 'ही गोळी मला अजून लागते का' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. तीन आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी सात वर्षं चालू असलेली माणसं सगळ्यांच्या ओळखीत असतात. जोडीला लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल तर एकदा मॅग्नेशियम तपासून घ्यावं.

पोटॅशियम देऊनही वाढत नाहीये. डॉक्टर मॅग्नेशियम का तपासतात?

हा या पानावरचा माझा आवडता प्रश्न. मूत्रपिंडाच्या पेशींत पोटॅशियम बाहेर सोडणारे मार्ग असतात, आणि पेशीतलं मॅग्नेशियम त्यांच्या तोंडाशी बुचासारखं बसलेलं असतं. मॅग्नेशियम घटलं की बूच सैल होतं आणि पोटॅशियम लघवीत वाहत राहतं. वरून कितीही ओता, फुटक्या घड्यात पाणी.

कॅल्शियमचं दुखणं वेगळं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींनी संप्रेरक सोडायला हवं. मॅग्नेशियमची कमतरता तीव्र झाली की त्या ते पुरेसं सोडत नाहीत, आणि जे सोडतात त्याला हाडं दाद देत नाहीत.

1969 मध्ये अमेरिकी संशोधक मॉरिस शिल्स यांनी हे माणसांत दाखवून दिलं. त्यांनी स्वयंसेवकांना जवळजवळ मॅग्नेशियम नसलेला आहार दिला. त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम पुरेसं होतं, तरी मॅग्नेशियमपाठोपाठ ती दोन्हीही घसरली. मॅग्नेशियम परत सुरू केल्यावर गाडी रुळावर आली. म्हणून पोटॅशियम किंवा कॅल्शियम हट्टाला पेटलेलं दिसलं, की जाणता डॉक्टर आधी मॅग्नेशियमचा आकडा मागतो.

रोज किती लागतं आणि कशातून मिळतं?

प्रौढ पुरुषाला साधारण 400 ते 420 मिलिग्रॅम, स्त्रीला 310 ते 320, गरोदरपणी 350 ते 360. खाल्लेल्यापैकी 30 ते 40 टक्केच शोषलं जातं, पण हे आकडे ते गृहीत धरूनच काढलेले आहेत.

बिया, सुकामेवा, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या आणि न पॉलिश केलेली धान्यं, यांत ते भरपूर. भोपळ्याच्या सोललेल्या, भाजलेल्या 28 ग्रॅम बियांत जवळपास 150 मिलिग्रॅम, तेवढ्याच बदामांत सुमारे 80. पानांच्या हिरव्या रंगाच्या, म्हणजे क्लोरोफिलच्या, रेणूच्या मध्यभागीच मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. सर्वांत मोठा फरक दळणात पडतो. कोंड्यासकट गव्हाच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 135 मिलिग्रॅम असतं, मैद्यात ते 20-25 वर येतं. भाजी उकळून पाणी ओतून दिलं तर थोडं त्या पाण्याबरोबर जातं. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातूनही काही भर पडते.

गोळ्यांचे इतके प्रकार. कोणती घ्यावी?

आधी ती लागतेय का ते ठरवा. लागत असेल तर डबीची मागची बाजू वाचा. 'मॅग्नेशियम ऑक्साइड 400 मिलिग्रॅम' असं लिहिलं असेल तर त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम 240 च्या आसपास, बाकीचा ऑक्सिजन. शिवाय ऑक्साइड कमी शोषलं जातं. सायट्रेटमध्ये मॅग्नेशियमचा वाटा साधारण 16 टक्के, ग्लायसिनेटमध्ये 14, पण ती चांगली विरघळतात आणि जास्त शोषली जातात. ग्लायसिनेट पोटाला सौम्य पडतं असं बऱ्याच जणांचं म्हणणं असतं. बद्धकोष्ठ असेल तर सायट्रेट एका दगडात दोन पक्षी मारतं.

एकदम मोठा डोस घेण्यापेक्षा विभागून, जेवणाबरोबर घ्या. डोस लहान असला की त्यातला मोठा हिस्सा शोषला जातो आणि जुलाबही टळतात.

गोळ्या जास्त झाल्या तर?

जेवणातल्या मॅग्नेशियमने अपाय होत नाही, जास्तीचं लघवीतून जातं. गोळ्यांबाबत मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला 350 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी अमेरिकेतली मर्यादा. युरोपात ती 250 आहे. जुलाब ही पहिली सूचना.

मूत्रपिंड निकामी होत चाललेल्यांसाठी गोष्ट गंभीर आहे. त्यांना जास्तीचं बाहेर टाकता येत नाही. अशा माणसाने पोट साफ होण्यासाठी मिल्क ऑफ मॅग्नेशियासारखं रेचक रोज घेतलं तर मॅग्नेशियम साचत जातं, बीपी पडतं, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही, आणि शेवटी श्वास मंदावतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर घरातल्या घरात मॅग्नेशियम सुरू करू नका. आम्लपित्ताच्या पातळ औषधांतही ते असतं, हे विसरलं जातं.

सलाइनमधून देताना इतका वेळ का लावतात?

भरभर दिलं तर रक्तातली पातळी एकदम चढते, मूत्रपिंडाला वाटतं भरपूर आहे, आणि ते निम्मं-अधिक लघवीत टाकून देतं. हळू दिलं तर पेशींना आत घ्यायला वेळ मिळतो. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट छान आला तरी उपचार आणखी काही दिवस चालू ठेवतात, कारण पोहरा भरलाय, आड नाही. हृदयाची लय बिघडली असेल किंवा फिट येत असेल तर मात्र मिनिटांत द्यावं लागतं, तिथे हा हिशोब कुणी करत बसत नाही.

दुसऱ्या औषधांबरोबर चालतं का?

काहींना ते पोटातच चिकटतं आणि त्यांना शोषू देत नाही. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर हवं. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक्स मॅग्नेशियमच्या किमान दोन तास आधी, नाहीतर चार-सहा तास नंतर घ्या. हाडांसाठीची अलेंड्रोनेट गोळीही वेगळ्या वेळी.

झोप, बीपी, मायग्रेन?

झोपेबाबत पुरावा तोकडा आहे. बीपी सरासरी दोनेक अंकांनी उतरतं, म्हणजे बीपीची गोळी सोडण्याइतकं नक्कीच नाही. मायग्रेन टाळण्यासाठी मॅग्नेशियमच्या बाजूने थोडा बरा पुरावा आहे, पण त्यासाठी वापरलेला डोस 600 मिलिग्रॅमपर्यंत जातो, वर सांगितलेल्या मर्यादेच्या बराच पुढे. ते डॉक्टरांना विचारूनच.

एप्सम सॉल्टच्या (मॅग्नेशियम सल्फेटच्या) पाण्यात पाय बुडवले तर भरून निघेल?

पायांना बरं वाटेल. गरम पाण्याने वाटतंच. कातडीतून कमतरता भरून निघते असा भरवशाचा पुरावा नाही, अंगाला लावायच्या मॅग्नेशियम तेलाचंही तेच.

नखांवरचे पांढरे ठिपके मॅग्नेशियमचे का?

नाही. बहुतेकदा नखाच्या मुळाशी काही आठवड्यांपूर्वी बारीकसा मार बसलेला असतो. नख वाढेल तसा ठिपका पुढे सरकेल आणि एक दिवस नेलकटरने कापला जाईल.